साठ पानांवरची शिफारस

भिवंडीत माझी एक छोटी सर्क्युलेटिंग लायब्ररी आहे. जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर दोन खोल्या, मागच्या भिंतीला लागून कापडाच्या लूमचा कारखाना. सासऱ्यांनी ती सुरू केली तेव्हा रॅकवर पौराणिक आणि सामाजिक कादंबऱ्या होत्या. माझ्याकडे आली तोवर निम्मे सभासद गळाले होते. लायब्ररी टिकली ती थरार कादंबऱ्यांमुळे, आणि हे मी कित्येक वर्षं अभिमानाने सांगत असे.

माझे वाचक म्हणजे गोदामांतले सुपरवायझर, शाळांमधल्या शिक्षिका, अंजूर-शेलारकडून रिक्षाने बाजाराला येणाऱ्या बायका. दिवसभर काम करून दमलेली माणसं. आत येतानाच विचारायची, "ताई, नवीन काय आलंय? पण खून पहिल्या वीस पानांत झाला पाहिजे हं." मग मी दर महिन्याच्या सुरुवातीला मोबाईलवरच्या ग्रुपमध्ये पाच नव्या थरार कादंबऱ्यांची यादी टाकायला लागले. प्रत्येक पुस्तकावर चार-पाच ओळी. मला ते जमायचं. थोडं सांगायचं, आणि ऐकणारा पुढे झुकला की नेमकं तिथे थांबायचं. यादी टाकली की दुसऱ्या दिवशी पाचही पुस्तकं रॅकवरून गेलेली असत. माझी यादी कल्याण-ठाण्यापर्यंत फिरते असं कुणीतरी सांगितलं, तेव्हा मी ते घरी तीनदा सांगितलं होतं.

त्या पुस्तकांतलं बरंच काही तेव्हाही मला खटकायचं, हे खोटं नाही. बहुतेकांच्या पहिल्या प्रकरणात एक बाई मेलेली असायची. रिसॉर्टच्या तलावात, उसाच्या फडात, आयटीतल्या पोराच्या फ्लॅटमध्ये. तिचं वय, तिची कांती, फाटलेले कपडे, सगळं चवीने लिहिलेलं. पुढची तीनशे पानं दोन हुशार पुरुष एकमेकांवर कुरघोडी करणार, आणि ती बाई कोण होती हे शेवटापर्यंत कुणालाच आठवणार नाही. रस्त्यात घाण दिसली की आपण साडी उचलून बाजूने जातो, तशी मी ती पानं ओलांडून पुढे जायचे. आणि यादीत लिहायचे, 'पहिल्या पानापासून पकड घेणारी.'

माझ्याकडे झाडलोटीला एक बाई यायची. शेलारच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याशी आदिवासी पाडा आहे, तिथली. वयाने माझ्याहून दोन-चार वर्षांनी लहान. नऊ वर्षं आली. सकाळी झाडू-फडकं व्हायचं, मग आम्ही दोघी काउंटरच्या मागे चहा प्यायचो आणि ती बोलायची. पावसात वाहून गेलेला बांध, सुनेचं माहेर, नवऱ्याची रोजंदारी. मी ऐकायचे. मला वाटायचं, ही मला घरातलीच समजते.

तिची धाकटी बहीण अंजूरच्या बाजूला एका गोदामात पॅकिंगला जायची. एका दुपारी ती गेली. ठेकेदाराने घरच्यांना कळवलं की ड्युटी सुटण्याआधीच ती बाहेर पडली होती आणि खाडीकडच्या रस्त्यावर तिला गाडीने उडवलं. पण तिच्याबरोबर काम करणाऱ्या बायका दबक्या आवाजात वेगळंच सांगत होत्या. गोदामात माल उचलणारं मशीन मागे येताना ती त्याच्याखाली सापडली आणि तिला उचलून रस्त्याच्या कडेला ठेवलं, असं. चार दिवसांनी ही थोरली बहीण तिचं सामान आणायला गोदामावर गेली. गेटवर तिला एक पिशवी दिली. त्यात डबा होता, कामावर डोक्याला बांधायची ओढणी होती आणि चपलांचा जोड होता. चपला तिच्या बहिणीच्या नव्हत्या. भलत्याच कुणाच्या, दोन नंबर मोठ्या.

"मी सांगितलं, ह्या तिच्या न्हाईत," ती मला म्हणाली होती. "तर वॉचमन म्हनतो, जो है वही है, ले जाओ. मंग मी घेऊन आले. काय करनार?"

हे तिने मला एका दिवसात सांगितलं नाही. दोन-तीन महिन्यांत, तुकड्या-तुकड्यांनी, चहाचा कप हातात धरून सांगितलं. पोलिसात काही झालं नाही. ठेकेदार दुसरीकडे गेला. मी तिच्यासाठी काय केलं, तर ऐकून घेतलं. ते पुष्कळ आहे असं मला वाटत होतं.

पुढच्या वर्षी एक लेखक माझ्याकडे आला. शहरातला, चाळिशीतला, बोलायला अदबशीर. दोन थरार कादंबऱ्या त्याच्या नावावर होत्या आणि दोन्ही मी यादीत घेतलेल्या होत्या. म्हणाला, "ताई, पुढची कादंबरी भिवंडीत घडते. गोदामांचं जग मराठीत कुणी लिहिलेलंच नाही. तुमच्याइतकं हे गाव कोण ओळखतं?"

मी फुलून गेले. त्याला सकाळपासून दुपारपर्यंत बसवलं, शेजारून वडापाव मागवले. लूमचा आवाज, कारागिरांच्या शिफ्ट, शेतं जाऊन गोदामं कशी उभी राहिली, सगळं सांगितलं. तो मोबाईलवर रेकॉर्ड करत होता. मध्येच त्याने विचारलं, "एखादी घटना? ऐकून अंगावर काटा येईल अशी?"

आणि मी त्याला ती सगळी हकीकत सांगितली. कुणाची ते सांगितलं नाही, 'आमच्या ओळखीतली एक बाई' म्हणाले. बाकी सगळं सांगितलं. ती धाकटी बहीण मोबाईल पदराला पिन लावून कसा अडकवायची, डब्यावर तिने खिळ्याने कोरलेली खूण, गेटवरचा वॉचमन. चपलांपाशी आले तेव्हा मी थांबले. यादीत थांबते तशी. तो पुढे झुकला. "मग?" म्हणाला. तेव्हा मी सांगितलं की चपला तिच्या नव्हत्याच. त्याने हलकेच टेबलावर हात आपटला आणि म्हणाला, "ताई, तुम्ही लिहायला हवं होतं." त्या वाक्याने मला किती बरं वाटलं, ते आज लिहितानाही तोंड कडू होतं.

दीड वर्षाने कादंबरी आली. त्याने तीन प्रती पाठवल्या आणि मेसेज केला, "तुमच्या यादीत पहिल्या क्रमांकावर आली तर माझ्यासाठी तो पुरस्कार असेल." त्या आठवड्यात माझ्या घरी पाहुणे होते. मी साठ पानं वाचली. त्यात आमचे रस्ते होते, धूळ होती, ट्रकांच्या रांगा होत्या. लूम बंद झाली की कान बधिर झाल्यासारखे होतात, हे मी बोललेलं वाक्य जसंच्या तसं होतं. मी त्याखाली पेन्सिलीने रेघ मारली. खाडीच्या कडेला एका गोदाम कामगार बाईचं प्रेत सापडतं इथपर्यंत मी आले होते. पुढचं वाचायला वेळ नव्हता आणि गरजही वाटली नाही. अशी पुस्तकं पुढे कशी जातात ते मला पाठ होतं.

यादीत मी लिहिलं, 'भिवंडीच्या मातीतला अस्सल थरार. गोदामांच्या शटरमागचं काळं जग. सुरू केलीत की खाली ठेवणार नाही. या वर्षी एकच थरार कादंबरी वाचणार असाल तर ही वाचा.' तिन्ही प्रती त्याच दिवशी गेल्या. मी आणखी दोन मागवल्या.

महिन्याभराने अंजूरची एक सभासद पुस्तक परत करायला आली. तिच्या सासरची पूर्वी भातशेती होती, आता त्या जमिनीवर त्यांची गोदामं आहेत, भाड्याने दिलेली. हौशी बाई, महिन्याला चार कादंबऱ्या वाचते. पुस्तक काउंटरवर ठेवून म्हणाली, "मॅडम, भारी हाय. अगदी आमचाच गोदामाचा गाला लिवलाय त्यानी. गेटजवलचा पिंपलाचा झाड पन हाय बघा. मी आमच्या ह्यांना वाचून दाखवला."

"हो का?" मी म्हणाले.

"आनि ती चपलांची गोष्ट. तिच्या पिशवीत दुसरीच्याच चपला निघतात ना, ता फार मस्त जमलाय. मला त वाटला, काय डोका हाय या मानसाचा."

ती दुसरं पुस्तक घेऊन गेली. मी शटर अर्धं खाली ओढलं आणि एकसष्टाव्या पानापासून वाचायला बसले.

त्याने नाव बदललं होतं. एवढंच बदललं होतं. पदराला पिन लावलेला मोबाईल होता, डब्यावरची खूण होती, वॉचमनचं 'जो है वही है' होतं. पण कादंबरीतली बाई गोदामातून माल चोरणारी होती. तिने सुपरवायझरला नादी लावलं होतं, ठेकेदारालाही. ती जंगलातली असल्यामुळे तिच्यात कसलीतरी रानटी ओढ आहे, असं एक पात्र म्हणत होतं आणि लेखकही तेच म्हणत होता. मशीनचा अपघात त्यात कुठेच नव्हता. तिला मारण्याआधी तिच्यावर काय काय होतं, ते सात पानं चाललं होतं. त्या सात पानांत एकही गोष्ट त्याने सोडली नव्हती, आणि लिहिताना त्याला मजा येत होती, ते कळत होतं. चपला म्हणजे चोरीतल्या तिच्या साथीदारणीचा पुरावा निघाल्या. शेवटी इन्स्पेक्टर खाडीकडे बघत सिगारेट पेटवतो.

   पान उलटलं तर पुस्तकाच्या शेवटी आभार होते, 'भिवंडीच्या एका रसिक ग्रंथप्रेमी ताईंचे, ज्यांच्याशी झालेल्या गप्पांतून या कादंबरीचं बीज मिळालं.'

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला फोन लावला. तो खूश होता. "ताई, दुसरी आवृत्ती निघतेय."

मी म्हणाले, "तुम्ही त्या बाईचं काय केलंत हे? ती मेलीय. तिचे घरचे इथे राहतात. ती चोर नव्हती. ते नादी लावणं वगैरे काहीच नव्हतं."

"ताई, फिक्शन आहे. मी नाव बदललंय, गाव बदललंय."

"गाव भिवंडीच आहे. चपला पण त्याच ठेवल्यात."

"तो डिटेल इतका पॉवरफुल होता की सोडवेना. आणि खरं सांगू? नुसता अपघात लिहिला असता तर तुम्हीच यादीत घेतलं नसतं."

 तो खरं बोलत होता. फोन ठेवताना तो म्हणाला, "हवं तर दुसऱ्या आवृत्तीत तुमचं नाव स्पष्ट टाकतो."

मी मागे वळले तर झाडलोटीला येणारी ती आतल्या खोलीच्या दारात उभी होती, हातात ओलं फडकं.

"कोनच्या चपला?" तिने विचारलं.

मी खोटं बोलू शकले असते. क्षणभर तसं ठरवलंही. पण तिने फोनवरचं सगळं ऐकलं होतं. मी तिला सांगितलं. एक लेखक आला होता, मी त्याला बोलले, त्याने लिहिलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "वाचून दाखवा."

"नको. चांगलं नाही लिहिलेलं."

"तुमी वाचलं ना? मंग मला पन दाखवा."

ती खाली बसली, भिंतीला टेकून. मी पण तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि वाचायला लागले. मधली वाक्यं गाळायला गेले तर तिच्या लगेच लक्षात यायचं. "इथं कायतरी सोडलंत," म्हणायची. पदराच्या पिनेपाशी तिने डोळे मिटले. चोरीचं आलं तेव्हा म्हणाली, "तिनं कदी कोनाची काडी न्हाय घेतली." हुज्जत घालावी तसं नाही, चुकलेलं नाव दुरुस्त करावं तसं ती म्हणाली. मी ती सात पानं सुरू केली. अर्ध्या पानावर तिने हात वर केला.

"बास."

मागे लूम चालूच होत्या.  मग तिने विचारलं, "हे किती जनांनी वाचलं?"

मी रजिस्टर बघितलं. पाच प्रती, एकोणीस नोंदी. शिवाय घरच्यांनी वाचलं असेल ते वेगळं. "एकोणीस," मी म्हणाले.

"म्हंजे एकोनीस घरांत ती अशी."

मी म्हणाले, माझं चुकलं. मी कुणाचं नाव सांगितलं नव्हतं, तो असं करेल हे मला माहीत नव्हतं. तेव्हा ती म्हणाली, "त्या दिवशी मी इथंच व्हते, ताई. आत रॅक पुसत व्हते. तुमी सांगत व्हता ते सगळं ऐकलं मी." पुढे म्हणाली, "मला वाटलं तो पेपरवाला हाय. कायतरी व्हईल. म्हनून गप ऱ्हायले." मग ती उठली, फडकं बादलीत पिळलं आणि उरलेली खोली पुसून घेतली. मी तिला 'राहू दे' म्हणाले, तिने ऐकलं नाही.

त्या दुपारी मी ग्रुपवर लिहिलं. कादंबरी पूर्ण न वाचता मी शिफारस केली होती. ती एका खऱ्या बाईच्या मृत्यूवर बेतलेली आहे आणि त्या बाईबद्दल त्यात जे लिहिलंय ते खोटं आहे, घाणेरडं आहे. ती चोर नव्हती, गोदामात अपघातात गेली असं तिच्याबरोबर काम करणाऱ्या बायका सांगतात. मी शिफारस मागे घेते आहे आणि प्रती परत मागवते आहे.

मला वाटलं होतं लोक गप्प होतील, निदान कुणी विचारेल की ती कोण, तिच्या घरचे कसे आहेत. तासाभरात तेवीस मेसेज आले. 'खरी घटना आहे? मग वाचायलाच पाहिजे.' 'माझा नंबर लावा.' 'ताई, कुठलं गोदाम ते पर्सनलवर सांगा ना.' अंजूरच्या बाईने लिहिलं, 'आमच्याच गाल्यावरची तर नाही ना? आमचे हे विचारतात.' आणि खाली हसणारा चेहरा.

आजवर एवढी मागणी माझ्या कुठल्याच यादीने आणली नव्हती.  हे माझेच वाचक होते, मीच त्यांना पुस्तकं देऊन देऊन हे खायची सवय लावली होती. प्रेत बघितल्यावर ती कोण होती हे विचारायचं नसतं, कुणी मारलं एवढंच विचारायचं असतं, हे बारा वर्षं मीच शिकवत आले होते. मी ग्रुप बंद केला. तीन जणांनी सभासदत्व बंद केलं आणि त्यातल्या एकाकडची प्रत काही परत आली नाही.

चार प्रती जमल्या. त्या रद्दीवाल्याकडे नेल्या तर त्याने कव्हर बघून त्या वेगळ्या ठेवल्या. "ये फेंकने का नहीं, मॅडम. ये तो चलता है." मी त्या परत घेतल्या. घरी आणून पानं सुटी केली आणि बादलीत भिजत घातली. दोन दिवसांनी त्याचा करडा लगदा झाला, डिंकाचा आंबूस वास सुटला. तो मी हातांनी काढून कचऱ्यात टाकला. हात साबणाने पुन्हा पुन्हा धुतले. त्याने काही झालं असं मी म्हणत नाही. छापखान्यात पुढची आवृत्ती निघतच होती.

ती महिनाभर कामाला आली. वेळेवर, एक दिवस न चुकवता. चहा मात्र उभ्यानेच प्यायची. मी पाड्यावर येऊन घरच्यांशी बोलू का विचारलं. "कशाला?" म्हणाली. पुन्हा तक्रार करायची असेल तर मी वकील बघते म्हणाले, त्यावर तिने जरा विचार केला आणि म्हणाली, "आता त्या बायका बी तितं न्हाईत. कोन सांगनार?" महिना संपला तेव्हा तिने सांगितलं, सून बाळंत व्हायचीय, घरी माणूस पाहिजे. मी बरं म्हणाले. तिची सून तेव्हा आमच्याच बाजूच्या गल्लीत कामाला जात होती, आणि बाळंत व्हायची नव्हती, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

थरार कादंबऱ्या मी अजूनही ठेवते. ठेवल्या नाहीत तर लायब्ररी बंद करावी लागेल, आणि तेवढी हिंमत माझ्यात नाही. पण यादी आता कागदावर लिहून काउंटरवर लावते, आणि शेवटच्या पानापर्यंत वाचल्याशिवाय एकही पुस्तक त्यात येत नाही. गेल्या सहा महिन्यांत त्यात दोनच नावं आली. दोन्हींत मेलेल्या माणसाला आई आहे, शेजारी आहेत, आणि कुणीतरी त्याच्यासाठी नीट रडतं. लोक म्हणतात, "ताई, तुमच्या यादीत पूर्वीसारखी मजा नाही राहिली." मी म्हणते, "नाहीच राहिली."

मागच्या महिन्यात बाजारात ती दिसली. भेंडी निवडत होती. मला बघून हसली, माझ्या दुखऱ्या गुडघ्याची चौकशी केली. मी विचारलं, घरी सगळे कसे आहेत, पाऊस कसा झाला, नवऱ्याला काम आहे का. पूर्वी एवढ्या प्रश्नांवर अर्धा तास गेला असता.

"बरं हाय, ताई," ती म्हणाली. "सगळं बरं हाय."

मी आणखी थोडा वेळ थांबले. तिने भेंडीची पिशवी बांधली, येते म्हणाली आणि शेलारच्या रिक्षांकडे गेली.